रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

मी हडपसरहून बोलतेय. गाडीतळाच्या मागे आमचं घर आहे. मांजरी, फुरसुंगी, वडकी या भागातल्या बचत गटांची समन्वयक म्हणून मी काम करते. एरवी मी तुमच्याशी कर्ज, हप्ता, व्याज आणि बँकेची कागदपत्रं यावर बोलते. आज एका गोळीवर बोलणार आहे. मी बी.ए. झालेली बाई, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यामुळे अमकी गोळी सुरू करा असं मी कुणाला सांगणार नाही. बंद करा असं तर अजिबातच सांगणार नाही. बंद करा असं एकदा सांगून बसले आहे, त्याचीच ही गोष्ट.

माझ्या सासूबाईंना आम्ही आई म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य मांजरीच्या रानात गेलं. पहाटे उठून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, टेम्पोत टाकायच्या, उपबाजारात न्यायच्या. अंगानं काटकुळ्या. लुगडं नेसलं की अंगात काही आहे की नाही असं वाटावं. पण शुगर बारा वर्षांची जुनी, बीपीची गोळी चालू, आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री. आमच्या आबांना, म्हणजे सासऱ्यांना, हार्ट अटॅक येऊन गेला होता. अँजिओप्लास्टी झाली आणि घरात औषधांची पिशवी आली. तेव्हापासून आमच्याकडे सकाळचा चहा आणि आबांच्या गोळ्या हे एकत्रच चालतं.

पुढं आईंची शुगर दाखवायला गेलो, तर डॉक्टरांनी आबांच्या पिशवीतली एक गोळी आईंनाही लिहून दिली. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, दहाची. का दिली ते सांगितलं नाही. बाहेर बाकावर तीस-चाळीस माणसं बसलेली, त्यांना तरी वेळ कुठला? आणि मीही विचारलं नाही. चार महिन्यांनी रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल नॉर्मल. आई म्हणाल्या, “अगं, रिपोर्ट तर चांगला आलाय, मग ही गोळी कशाला?” मी कागद बघितला. सगळे आकडे चौकटीच्या आत. मी घरातली शिकलेली सून. म्हणाले, “खरंच की आई. उगाच कशाला पोटात औषधं घालायची.” गोळी बंद झाली. आबांची चालू राहिली. महिन्याला थोडे पैसेही वाचले, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा बरंच वाटलं.

दीडेक वर्षानंतर एका पहाटे जुडी बांधताना आईंच्या डाव्या हातातून सुतळी सुटली. पुन्हा उचलली, पुन्हा सुटली. बोलायला गेल्या तर ओठ एका बाजूला ओढल्यासारखा. आमच्या ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही तासाभरात दवाखान्यात पोचलो, म्हणून बरंच काही वाचलं. लकवा होता. मेंदूकडं जाणारी बारीक रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले आणि विचारलं, “ही स्टॅटिनची गोळी कुणी बंद केली?” मी तोंड उघडायच्या आत आई अडखळत म्हणाल्या, “मीच केली.” माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

गोळी बंद केली म्हणूनच हे झालं, असं कुणी म्हणालं नाही. शुगर होती, बीपी होतं, वय होतं, मिश्री होती. गोळी चालू असती तरी झालं नसतंच, असंही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्यानंतर मी त्या गोळीबद्दल जमेल तिथून वाचत गेले, आशाताईंना विचारलं, डॉक्टरीणबाईंना तर पिडलंच. त्यातलं मला जे कळलं ते आज सांगते.

पहिली चूक अगदी साधी होती. रिपोर्ट नॉर्मल आला होता तो गोळी चालू असताना! बीपीच्या गोळीचं जसं असतं तसंच हे. बीपी नॉर्मल आलं याचा अर्थ गोळी काम करते आहे. ताप उतरला की क्रोसिन थांबवतो, पण ही त्या जातीची गोळी नाही. बंद केली की काही आठवड्यांत आकडा होता तिथं परत जातो. आणि आपल्याला काही जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. कोलेस्टेरॉल वाढल्याचं अंगाला कळत नाही, हीच तर त्याची खोड आहे.

दुसरी चूक माझ्या लक्षात यायला जास्त वेळ लागला. आईंना ती गोळी कोलेस्टेरॉल फार वाढलं म्हणून दिलेलीच नव्हती. शुगर होती, वय चाळिसाच्या वर होतं, वर बीपी, म्हणून दिली होती. म्हणजे मी ज्या कागदावरचा आकडा बघून निर्णय घेतला, त्या कागदावर तो निर्णय अवलंबूनच नव्हता.

हे नीट समजायला ती गोळी आली कुठून ते थोडं सांगायला हवं. मला ती गोष्ट आवडते, कारण ती एका शेतकऱ्याच्या मुलाची आहे. जपानमधले अकिरा एंडो, जन्म १९३३, उत्तरेकडच्या अकिता भागातल्या शेतकरी घरातला. त्यांना लहानपणापासून बुरशी आणि अळंबीचं वेड. मोठेपणी औषध कंपनीत संशोधक झाले, तेव्हा त्यांनी विचार केला की बुरशी स्वतःच्या बचावासाठी नाना तऱ्हेची द्रव्यं तयार करते, मग शरीरात कोलेस्टेरॉल तयार होणं थांबवणारं एखादं द्रव्यही तिच्यात सापडेल. १९७१ पासून त्यांनी सुमारे सहा हजार बुरशी तपासल्या. १९७३ मध्ये हवं ते सापडलं, क्योटोमधल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत. आपण असे तांदूळ पाखडून उन्हात घालतो नाहीतर कोंबड्यांना टाकतो! त्या जातीतलं पहिलं औषध १९८७ मध्ये अमेरिकेत विक्रीला मंजूर झालं. एंडो २०२४ च्या जूनमध्ये नव्वदाव्या वर्षी गेले.

आता शरीरातलं. कोलेस्टेरॉल फक्त तेला-तुपातून येतं असं आपल्याला वाटतं. खरं तर बरंचसं आपलं यकृतच तयार करतं, म्हणून साधं जेवणाऱ्या बाईचंही वाढू शकतं. ते शरीराला लागतंही. पण त्यातला एलडीएल नावाचा भाग जास्त झाला की वर्षानुवर्षं रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीत साठत जातो. तिथं थर तयार होतो. तो थर एक दिवस फुटला की त्यावर रक्ताची गुठळी बसते. हृदयाच्या वाहिनीत झालं तर अटॅक, मेंदूच्या वाहिनीत झालं तर लकवा. ही गोळी यकृतातला कारखाना मंदावते, मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. शिवाय वाहिनीतला थर सहजासहजी फुटू देत नाही. म्हणून ती नुसती आकडा कमी करायची गोळी नाही. अटॅक आणि लकवा टाळण्यासाठी ती देतात.

सुरुवातीला डॉक्टरांनाही खात्री नव्हती. १९९४ मध्ये उत्तर युरोपातल्या देशांत हृदयविकार असलेल्या ४,४४४ माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. साधारण साडेपाच वर्षांत औषध नसलेल्यांपैकी शंभरात जवळपास बारा जण दगावले आणि औषध घेणाऱ्यांपैकी आठ. मग अटॅक येऊन गेलेल्यांना ही गोळी देण्याची पद्धत पडली. आबा त्या रांगेतले.

आईंची रांग पुढं आली. २००४ मध्ये शुगर असलेल्या २,८३८ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय चाळीस ते पंचाहत्तर, हृदयविकार नाही, एलडीएलही फार वाढलेलं नाही. फक्त शुगर, आणि सोबत बीपी, विडी-सिगारेट किंवा डोळ्या-मूत्रपिंडाचा त्रास यातलं एखादं तरी. त्यांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दहाची दिली. अटॅक-लकव्यासारखे मोठे प्रसंग एक तृतीयांशाहून जास्त कमी झाले. नुसता लकवा धरला तर जवळजवळ निम्म्यानं. फायदा इतका उघड दिसला की अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधीच थांबवला. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ बसून राहिले. दहाची गोळी, शुगर, बीपी, लकवा. आईंचाच कागद कुणीतरी आधी लिहून ठेवल्यासारखा.

तेव्हापासून गोळी लिहून देण्याची सगळी रीतच बदलत गेली. आधी आकडा बघून गोळी द्यायचे, आता माणूस बघून देतात. वय किती, शुगर आहे का, बीपी आहे का, तंबाखू आहे का, आधी अटॅक किंवा लकवा येऊन गेलाय का, आई-वडिलांना लवकर झालाय का. हे सगळं मिळून पुढच्या दहा वर्षांतला धोका किती, ते पाहतात आणि मग ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठी २०१९ मध्ये तक्ते काढले. त्यातला एक तर रक्त न तपासताच, वय, बीपी, वजन-उंची आणि धूम्रपान यावरून धोका सांगतो. २०२४ च्या जुलैमध्ये भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या देशासाठी स्वतःचे नियम जाहीर केले. साध्या माणसाचं एलडीएल १०० च्या खाली असावं, जास्त धोका असलेल्यांचं ७० च्या खाली, आणि अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या फार धोक्यातल्यांचं ५५ च्या खाली. म्हणजे एकच ९५ चा आकडा माझ्यासाठी चांगला, पण आबांसाठी जास्त! लॅबच्या कागदावर छापलेली चौकट सगळ्यांना एकच असते. तिला काय माहीत आपल्या घरात कुणाला काय झालंय? मी त्या चौकटीवर विश्वास ठेवला होता.

त्याच नियमांत आणखी एक सोयीची गोष्ट आहे. कोलेस्टेरॉलच्या साध्या तपासणीला उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. हे ऐकून आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, “अगं बया, मग मी तीनदा परत का आले?” पहाटे रानात जायचं म्हणून चहा-बटर खाऊन निघालेली बाई लॅबवाल्यानं परत पाठवली की पुन्हा कशाला जाते? शुगरची उपाशीपोटीची तपासणी वेगळी, तिला उपाशीच जावं लागतं. पण कोलेस्टेरॉलपुरतं विचारून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, “आम्ही कुठं जाड आहोत? कष्टाची अंगं आमची.” आईही हेच म्हणायच्या. याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या गावांतल्या आया आणि बाळं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ते सांगतात की आपण भारतीय दिसायला बारीक, पण आतून चरबी जास्त, तीही पोटाभोवती. २००४ मध्ये त्यांनी जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टर मित्राबरोबरचा स्वतःचा फोटो छापला. दोघांचं वजन-उंचीचं गणित सारखंच, २२.३. पण चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. शर्टात दोघंही बारीकच दिसतात. मी तो फोटो मोबाईलवर आईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “आपला डॉक्टर दिसतोय तर बरा.”

म्हणून आशाताई तीस वर्षांवरच्या बायकांचा फॉर्म भरायला येतात तेव्हा कमरेला टेप लावतात. बायकांसाठी ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक, म्हणजे साडेएकतीस इंच. ८१ ते ९० ला एक गुण, त्याच्या वर दोन. वय, तंबाखू, दारू, कष्ट-व्यायाम, घरातला आजार यांचेही गुण असतात. बेरीज चाराच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं. आपल्याकडे शिवणकामाचे गट आहेत, टेप तर प्रत्येकीच्या गळ्यात असतो. दुसऱ्यांच्या ब्लाउजची मापं रोज घेतो, एकदा स्वतःचं घ्या. आणि त्या फॉर्मवर तंबाखू विचारला की “नाही” सांगू नका. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. “मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते,” हे मी या भागात इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येत नाही.

पण मला खरं बोलायचं आहे ते पुढचं. गोळी कुणाला द्यायची हे डॉक्टरांना कळलं, नियम झाले, औषध स्वस्त झालं, तरी ते गरजूंच्या पोटात जातंय का? २०११ मध्ये सतरा देशांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात भारतही होता. अटॅक किंवा लकवा येऊन गेलेल्या माणसांपैकी श्रीमंत देशांत शंभरातले ६६ जण स्टॅटिन घेत होते. आपण ज्या गरीब देशांच्या गटात होतो तिथं शंभरात तीन. २०२२ मध्ये ४१ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशेब प्रसिद्ध झाला. अटॅक-लकवा झालेल्यांपैकी शंभरात साधारण २२ जण घेतात. आणि आईंसारखे, अजून काही झालं नाही पण धोका मोठा आहे असे, त्यांच्यापैकी शंभरात फक्त आठ.

त्यातही बाई मागे. हे अमेरिकेसारख्या देशातसुद्धा आहे बरं का. तिथल्या २०१९ मधल्या एका अभ्यासात दिसलं की गरज असलेल्या पुरुषांपैकी शंभरात ७८ जणांना स्टॅटिन मिळत होतं, बायकांपैकी ६७ जणींना. आणि ज्या घेत नव्हत्या त्यांतल्या बऱ्याच जणींना डॉक्टरांनी ते कधी सुचवलंच नव्हतं. हृदयविकार हा पुरुषाचा आजार, अशी समजूत डॉक्टरांच्या डोक्यातही असते. आपल्याकडे तर पुढचा भाग मी सांगायलाच नको. पाळी जाईपर्यंत बाईला थोडं संरक्षण असतं, पण ते गेल्यावर धोका वाढत जातो, आणि शुगर असेल तर ते संरक्षणही फारसं उरत नाही.

आमच्या रस्त्यावर तर दोन्ही टोकं दिसतात. एका बाजूला मगरपट्ट्यातली कंपन्यांची ऑफिसं. तिथल्या पंचवीस-तीस वर्षांच्या मुला-मुलींना दरवर्षी सगळ्या अंगाच्या तपासणीचं पॅकेज. आकडा जरा वर गेला की घाबरून गोळी मागतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना आधी चालणं, तळलेलं-बेकरीचं कमी करणं, सिगारेट सोडणं हेच सांगायला हवं. (काही घरांत कोलेस्टेरॉल रक्तातूनच येतं, आकडा फारच मोठा असतो, त्यांना तरुणपणीही गोळी लागते. ती गोष्ट निराळी.) दुसऱ्या बाजूला मांजरीच्या बाजारात पालेभाजी विकणारी साठ वर्षांची बाई. शुगर आहे, पायाला मुंग्या येतात, तिला या गोळीचं नावही माहीत नाही. मध्ये रस्ता तेवढा.

गेल्या महिन्यात मी बैठकीला सांगितलं की येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. हप्ते जमा झाले आणि पिशव्या सतरंजीवर ओतल्या. आशाताई बसल्या होत्या. नाव ओळखायची युक्ती सोपी आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव. त्या नावाच्या शेवटी “स्टॅटिन” असेल तर ही ती गोळी. इंग्रजी न येणाऱ्या मावश्यांनी नातींकडून वाचून घेतलं. एकीच्या पिशवीत नवऱ्याची आणि तिची, दोघांची एकच गोळी निघाली. नवऱ्याचं पाकीट अर्धं रिकामं, तिचं भरलेलं. “महिनाअखेर त्यांची संपली तर माझी कामाला येते,” ती म्हणाली. तिला शुगर आहे. कुणी काही बोललं नाही. आम्ही सगळ्याच तसं करतो ना, भाकरीचं आणि गोळीचंही.

दुसऱ्या एका मावशीनं सांगितलं की अंग दुखतं म्हणून सोडली. ही तक्रार सगळीकडे आहे आणि ती खोटी नसते, अंग खरंच दुखतं. पण २०२२ मध्ये बरेच मोठे अभ्यास एकत्र करून तपासलं, तर स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी शंभरात २७ जणांचं अंग दुखत होतं, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही जवळजवळ तेवढ्यांचंच, २६.६ टक्के. म्हणजे दहातल्या नऊहून जास्त वेळा दुखण्याचं कारण गोळी नव्हती. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईचं अंग दुखणारच की. तरी काहींना गोळीमुळंही दुखतं. मग डॉक्टर मात्रा कमी करतात, नाहीतर त्याच जातीतली दुसरी देतात. आपण परस्पर सोडायची नाही. फार क्वचित स्नायूंना जोरात इजा होते. अंगातली ताकद एकदम जाते आणि लघवी काळ्या चहासारखी होते. तेव्हा मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणखी एक, जे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. गजकर्णाला हल्ली इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल देतात. त्या आणि काही अँटिबायोटिक या गोळीबरोबर घेतल्या तर तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायूंचा त्रास होऊ शकतो. म्हणून खाजेसाठी, तापासाठी कुठंही गेलात तरी जुनी पिशवी सोबत न्या. नवऱ्याची नेता, स्वतःचीही न्या. ही गोळी शुगर किंचित वाढवते हेही खरं आहे. पण शुगरवाल्यांना तिनं होणारा फायदा त्या वाढीपेक्षा मोठा, म्हणूनच त्यांना देतात. यकृताचा आजार असेल तर आधी सांगा. दिवस गेले असतील, राहायची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही सांगा. अशा वेळी ही गोळी साधारणपणे थांबवतात.

मोबाईलवर लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगर उकळून मध घालायचा तो काढा फिरतो, ज्यानं म्हणे ब्लॉकेज निघून जातात. आईंनाही कुणीतरी आणून दिला होता. लसूण भाजीत घाला, चटणीत घाला, चांगलीच आहे. पण ज्या बाईला शुगर आहे, तिनं गोळी सोडून चमचाभर मधाचा काढा घ्यावा, याला काय म्हणायचं?

आता पैशाचं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे तिच्या किमतीला वरची मर्यादा आहे. जनऔषधी केंद्रात तीच गोळी बाजारातल्या नावाजलेल्या पाकिटापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. डॉक्टरांना सांगायचं, “साहेब, औषधाचं खरं नाव लिहून द्या, आम्ही जनऔषधीतून घेतो.” प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारा. तिथं नसेल तर दर वेळी विचारत राहा, आणि आरोग्य समितीच्या बैठकीत गटाच्या नावानं अर्ज द्या. विचारल्यानं होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये बीपीसाठी एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे आपले जिल्हे सुरुवातीपासून होते. सगळ्या डॉक्टरांनी एकाच ठरलेल्या क्रमानं औषध द्यायचं, ते गावाजवळ द्यायचं, महिनाभराचं एकदम द्यायचं, आणि जो आला नाही त्याला फोन करायचा. यात नवीन शोध काय लागला? आपण हप्ता न भरणाऱ्या बाईच्या घरी जातो, तसंच ते.

तेच आम्ही आता करतोय. गटाच्या वहीत मागच्या बाजूला एक पान केलंय. ज्यांना रोजची गोळी आहे अशा प्रत्येकीचं नाव, गोळीचं नाव, पाकीट कधी संपतं ती तारीख. कुणाला लाज वाटत असेल तर नुसता सदस्य क्रमांक लिहितो. बैठकीत हप्त्याबरोबर तेही विचारतो. पाकीट संपायला आठ दिवस उरले की हडपसरला येणाऱ्या बाईनं बाकीच्यांची चिठ्ठी आणि पैसे घेऊन यायचं. पैसे नसतील तर अंतर्गत कर्जातून द्यायचे, बिनव्याजी. या शेवटच्या गोष्टीवर वाद झाला. एक जण म्हणाली, बिनव्याजी दिलं तर उद्या सगळ्याच मागतील. मी म्हटलं, मागू देत. नवऱ्याच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी वरच्या खर्चाला आपण कर्ज दिलं तेव्हा कुणी व्याजाचा वाद घातला नव्हता. अजून ठराव पक्का झालेला नाही, पुढच्या बैठकीत होईल असं वाटतं.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी विचारून या, इतकंच माझं मागणं आहे. ज्यांना शुगर आहे आणि वय चाळिसाच्या वर आहे, त्यांनी विचारायचं, “मला स्टॅटिनची गोळी लागते का?” डॉक्टर नाही म्हणाले तर का नाही, तेही विचारायचं. आणि ज्यांना ती चालू आहे त्यांनी विचारायचं, “ही किती दिवस घ्यायची?” बहुतेक वेळा उत्तर येईल, कायमची. मी त्या दिवशी हा एक प्रश्न विचारला असता तर आज या विषयावर बोलत नसते.

आईंचा हात पुष्कळ सुधारलाय. जुडी बांधता येत नाही अजून, पण मेथी निवडतात, उजव्या हातानं, आणि डाव्यानं ताट धरून ठेवतात. मिश्री पूर्ण सुटलेली नाही, एक वेळची राहिलीय, त्यावरून आमचं रोज वाजतं. गोळी रात्री जेवल्यावर घेतात. ती दिवसात कधीही घेतली तरी चालते, पण रात्री मी घरात असते म्हणून रात्री. पाकीट त्या माझ्या हातात देत नाहीत. स्वतःच्या बटव्यात ठेवतात, पानाच्या डबीशेजारी.

पुढच्या महिन्यात वडकीच्या गटाची बैठक आहे. येताना पिशव्या आणा, आशाताई टेप घेऊन येणार आहेत. आईपण यायचं म्हणताहेत.